ऑस्ट्रेलियात प्रायव्हेटमधल्या रजिस्ट्रारचा (स्पेशालिस्ट होण्यासाठी शिकणाऱ्या डॉक्टरचा) पगार कोण देतं?

मेलबर्नकर: बहिणीला सायकिॲट्रीची रजिस्ट्रार पोस्ट प्रायव्हेट हॉस्पिटलात मिळतेय, एसटीपी (स्पेशालिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम) म्हणतात. ट्रेनिंग सरकारीतच होतं ना? हे काय नवीन?

वाटसरू: नवीन कसलं, २०१० पासून आहे. सरकारी हॉस्पिटलं राज्यं चालवतात, हा पैसा मात्र केंद्राचा आणि येतो कॉलेजांमार्फत (आपलं ज्युनिअर कॉलेज नव्हे 😀, स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या संस्था), म्हणजे प्रायव्हेट, गावाकडची हॉस्पिटलं, ॲबोरिजिनल (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) हेल्थ सर्व्हिस असल्या ठिकाणीही शिकता यावं, कारण कितीतरी पेशंट तिकडेच असतात. पण पूर्ण पगार निघत नाही हं, वरचे पैसे हॉस्पिटल घालतं.

सुमी: आपल्याकडे डीएनबीला (एमडी-एमएससारखी स्पेशालिस्टची पदवी) प्रायव्हेटवाले स्टायपेंड स्वतःच्या खिशातून देतात. ताईला सांग, पोस्ट कॉलेजकडून ॲक्रेडिटेड (ट्रेनिंगसाठी मान्यता मिळालेली) आहे का आधी विचार.

मेलबर्नकर: धाकटी आहे हो ती! विचारायला सांगतो.