लष्करचं घर : जानेवारीच्या सहलीची चर्चा

वहिनी, सकाळी ८:०५
काल जेवताना आप्पांनी विषय काढला तो इथे टाकते, म्हणजे पुण्याच्या ताई आणि इंदूरचे काका-काकू, सगळ्यांनाच कळेल. जानेवारीत सगळ्यांनी मिळून आठेक दिवस फिरायला जायचं म्हणतायत. इथले आम्ही ६, ताईंकडचे ३ आणि काका-काकू, मिळून ११ जण. कुठे जायचं ते बोला. मुलांना बर्फ बघायचाय, म्हणून मी मनाली सुचवते.

दादा, ८:१२
मनाली म्हणजे दिल्लीपासून पुढे रात्रभर बस. आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

आई, ८:२०
माझ्या गुडघ्यांपायी कुणाची हौस अडवू नका. फक्त मागच्यासारखं नको. त्या टूरवाल्यांनी ६ दिवसांत ११ गावं दाखवली. पहाटे ५ ला बॅगा दाराबाहेर. हरिद्वारला गंगेत पाय बुडवले तोच "चला चला" सुरू. ओंजळभर पाणी शांतपणे घेता आलं नाही, ते अजून मनात आहे.

काका (इंदूर), ८:३१
अगदी बरोबर. यंदा टूर कंपनी नको. आपलं आपण ठरवू. आप्पांना कुठे जायचंय ते आधी ऐकू या.

आप्पा, ८:४६
मला पानिपतला जायचं आहे. तेही १४ जानेवारीला, १७६१ ची लढाई झाली त्या तारखेला. पुढच्या वर्षी १४ तारीख गुरुवारी येते. ग्वाल्हेरच्या आपल्या या भागाला लष्कर म्हणतात ते दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे स्थिरावली म्हणून. आपले पूर्वज त्या छावणीबरोबर आले, म्हणून आपण इथे मराठी बोलतो. शिंद्यांच्या घराचं पानिपतात काय झालं हे मी शाळेत ३० वर्षं शिकवलं. दिल्लीला किती वेळा गेलो असेन, पण पुढचे ९० किलोमीटर राहूनच गेले. आता ७४ झालो.

दादा, ८:५८
आप्पा, रागावू नका. पण पानिपतला बघायचं काय? एक स्तंभ आणि एक बाग. मुलांना तिथे काय दाखवणार? त्यात ८ दिवस दौलतगंजचं दुकान बंद ठेवायचं, ते हरलेल्या लढाईची जागा बघायला?

ताई (पुणे), ९:०४
दादा, जरा थांब. आग्रा, दिल्ली, पानिपत असं सरळ वर जाता येतं. बघण्यासारखं खूप आहे.

आप्पा, ९:४०
रागावलो नाही. विचारलंस ते बरं झालं. सावकाश लिहितो आहे, चष्मा बदलायला झालाय.

जयाप्पा शिंदे १७५५ मध्ये नागोरला दग्याने मारले गेले. त्यांचे भाऊ दत्ताजी १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. जखमी होऊन पडले असताना त्यांना विचारलं, "पटेल, और लढोगे?" त्यांनी उत्तर दिलं, "बचेंगे तो और भी लढेंगे." लहानपणी तू हे वाक्य पाठ म्हणायचास. त्यानंतर एक वर्ष आणि ४ दिवसांनी पानिपत झालं. जयाप्पांचे चिरंजीव जनकोजी तिथे पकडले गेले आणि मारले गेले. तुकोजीही तिथेच गेले. एका घरातली इतकी माणसं गेली. उरले महादजी, पायाला घाव लागलेले. त्यांना रणातून बाहेर काढलं राणे खान नावाच्या भिश्त्याने, आपल्या पखालीच्या बैलावर घालून. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं, मोठ्या योग्यतेला चढवलं. पाय मात्र जन्मभर अधू राहिला.

तोच अधू पायाचा माणूस १७७१ मध्ये दिल्लीत पोहोचला आणि १७७२ च्या जानेवारीत शाह आलमला त्याच्या तख्तावर परत बसवलं. पानिपतानंतर जेमतेम ११ वर्षांनी. म्हणून तू हरलेली लढाई म्हणालास तरी तिथे जायचं आहे. मुलांना स्तंभ दाखवायचा नाही, हे सांगायचं आहे. आणि ते तिथे उभं राहून सांगायचं आहे.

काकू, ९:४७
आप्पा, वाचताना अंगावर काटा आला. आम्ही दोघं येतो. नक्की.

ताई, १०:१५
आता आग्र्याचं माझ्याकडे. ताज तर बघूच, पण किल्ला घाईत उरकायचा नाही. १२ मे १६६६ ला शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले ते आग्र्यातच, आणि १७ ऑगस्टला निसटले. किल्ल्याच्या अमरसिंह दरवाज्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आणि हाच किल्ला पुढे महादजींच्या ताब्यात आला आणि १८०३ पर्यंत शिंद्यांकडे होता. लेकाला मी दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे सांगणार आहे.

शिवाय फत्तेपूर सिक्री. अनुप तलावाच्या मधल्या चौथऱ्यावर बसून तानसेन गायचे असं सांगतात. मी ग्वाल्हेरच्या हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीपाशी लहानपणापासून जाते. ग्वाल्हेरचा माणूस अकबराच्या दरबारात जिथे गायला ती जागा मी अजून पाहिलेली नाही. गाणं शिकणाऱ्या मुलीने पाहायलाच हवी.

वहिनी, १०:२२
मग मनाली मे महिन्यासाठी ठेवू. मुलांना मी समजावते. शाळेत रजेचा अर्जही देते. पण थंडी? जानेवारीत तिकडे काय धुकं असतं!

मी, ११:३०
धुक्याचा प्रश्न खरा आहे. बुकिंग माझ्याकडे आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. जानेवारीत आग्रा ते अंबाला या पट्ट्यात सकाळी दाट धुकं असतं. गाड्या काही तास उशिरा धावतात, आणि यमुना एक्स्प्रेसवेवर धुक्यात एकामागोमाग गाड्या आदळतात. म्हणून रस्त्याने पहाटे किंवा रात्री प्रवास करायचा नाही. मोठे टप्पे रेल्वेने आणि दिवसा. सूर्योदयाचा ताज बघायचा हट्टही सोडायचा. जानेवारीत त्या वेळी समोर पांढरा पडदा असतो. ११ नंतर ऊन आलं की घुमट नीट दिसतो.

वारांचं गणित असं. ताज शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद. आप्पांना १४ ला गुरुवारी पानिपतला असायचंय. म्हणजे ताज आधीच उरकायला हवा, नाहीतर परतताना शुक्रवार आडवा येतो.

शनिवार ९ ला इथून सकाळच्या गाडीने आग्रा, तो १२० किलोमीटरच आहे. दुपारी फक्त किल्ला आणि पुतळा. रविवारी १० ला सकाळी उशिरा ताज, मग जेवून फत्तेपूर सिक्री. सोमवारी दिल्लीला जायचं, दुपारी हुमायूनची कबर किंवा कुतुब, दोन्हींपैकी एकच. मंगळवारी लाल किल्ला. बुधवारी १३ ला दुपारपर्यंत पानिपतला जाऊन तिथेच मुक्काम. १४ ला काला आंब, म्हणजे लढाईची जागा. पुढचं अजून ठरवायचं आहे.

दिल्लीत तीन-तीन ठिकाणं एका दिवसात कोंबणार नाही. आईला बसायला वेळ हवा.

भावोजी (पुणे), ११:४१
ताजच्या तिकिटाचं लक्षात ठेव. आत जायचं तिकीट वेगळं आणि मुख्य घुमटात कबरींपर्यंत जायचे २०० रुपये वेगळे. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एकदा आत गेल्यावर ३ तासांची मुदत असते. ऑनलाइन काढ, रविवारी खिडकीवर रांग फार.

काका (इंदूर), दुपारी १२:०५
लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासचं छत बघाच. तिथे पूर्वी चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी तो काढून त्याचे रुपये पाडले, कारण फौजेला द्यायला पैसा उरला नव्हता. मोहिमेची सगळी अडचण त्या एका छतात दिसते. दक्षिणेतून निघालेली एवढी मोठी फौज, बरोबर बायकामुलं, यात्रेकरू, आणि खजिना रिकामा.

आप्पा, १२:३०
शाब्बास. आणि अब्दालीने यमुना बागपताजवळ ओलांडल्यावर दिल्लीकडून येणारी रसद तुटली. नोव्हेंबरपासून अडीच महिने आपली माणसं पानिपतात अडकून पडली. शेवटी उपाशी राहून मरण्यापेक्षा लढू म्हणून बाहेर पडली. संक्रांतीच्या दिवसांत घरोघरी तिळगूळ असतो. त्यांच्या पोटात लढाईच्या दिवशी काही नव्हतं.

आई, १२:५२
हे वाचून जेवण गेलं नाही.

मुली, पुढचं ठरवायचं आहे म्हणतेस ना, तर मी सांगते. आप्पा नेहमी सांगतात, भाऊसाहेबांनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला आणि मग कुरुक्षेत्राच्या तीर्थाला निघाले. वाटेत अब्दाली नदी उतरल्याची बातमी आली आणि मागे वळावं लागलं. त्यांच्या बरोबरच्या बायका एवढ्या लांब तीर्थाच्या ओढीनेच आल्या असतील. त्यांचं स्नान राहिलं ते राहिलंच. आपण पानिपतपर्यंत जाणार असू तर पुढे कुरुक्षेत्राला जाऊ. सन्निहित सरोवरावर मी त्यांच्या नावाने पाणी सोडीन. माझं मागणं एवढंच आहे. बाकी तुम्ही म्हणाल तसं.

वहिनी, १२:५५
आई, मी तुमच्याबरोबर सरोवराच्या पायऱ्या उतरेन. हात धरीन.

काकू, १:०१
मीसुद्धा.

मी, १:२०
झालं. शुक्रवार १५ कुरुक्षेत्र. पानिपतहून त्याच रस्त्याने पुढे ७० किलोमीटरच्या आसपास आहे, धुकं उठल्यावर निघू. ब्रह्म सरोवर आणि सन्निहित सरोवर, जमलं तर ज्योतिसर. शनिवारी १६ ला परत. काका-काकू, तुम्हाला मालवा एक्स्प्रेस थेट इंदूरला नेईल. आम्ही दिल्लीला उतरून दिवसाची गाडी धरू.

तिकिटांची तारीख लिहून ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ९ जानेवारीसाठी १० नोव्हेंबर, म्हणजे ऐन दिवाळीत. सकाळी ८ ला. मी फराळाच्या आधी लॅपटॉप उघडून बसणार, मला त्या अर्ध्या तासात कुणी हाक मारू नका. सगळ्यांची पूर्ण नावं ओळखपत्रावर आहेत तशी पाठवा, खासगी मेसेजमध्ये, इथे नाही. आई-आप्पांना खालचा बर्थ हवाय ते मी टाकते.

भावोजी, १:३४
१४ ला काला आंबला गर्दी असते. दरवर्षी त्या दिवशी शौर्य दिन साजरा होतो, महाराष्ट्रातून लोक येतात. हरियाणातले रोड समाजाचे लोकही येतात, ते स्वतःला पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. मुक्कामाच्या खोल्या आत्तापासून धरा.

ताई, १:४०
त्यांना भेटायला हवं. आपण इथे राहून मराठी टिकवली, त्यांनी तिकडे राहून नाव टिकवलं. मला त्यांच्याशी बोलायचंय.

काकू, १:४४
मग तिळगूळ घेऊन जाऊ! भेटेल त्याच्या हातावर ठेवू. आप्पा म्हणाले ना, त्या दिवशी त्यांच्या पोटात काही नव्हतं.

आई, १:४८
लाडू मी इथून करून घेते. गजक वाटेत नको घ्यायला, गाडी मुरैन्याला दोन मिनिटं थांबते. आधीच बाड्यावरून आणून ठेवा. आणि पानिपतचा पचरंगा अचार येताना घ्यायचा, आठवणीने.

दादा, रात्री ९:५०
दुकानातून आत्ता आलो. सगळं वाचलं. पोराला जेवताना राणे खानाची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, त्या भिश्त्याला महादजी माहीत होते का? मला उत्तर देता आलं नाही. आप्पा, तुम्ही तिथे सांगा त्याला.

दुकान बंद ठेवतो. मंगळवारी लाल किल्ल्यानंतर बुराडीला गाडी करायची. आज तिथे नुसती दाट वस्ती आहे, ते माहीत आहे मला. तरी यमुनेच्या काठी जायचं. १० तारखेला जमत नाही, १२ ला जाऊ. दत्ताजींचं वाक्य मी पोराकडून पाठ करून घेतो तोवर.

आप्पा, ९:५८
ये घरी उद्या सकाळी लवकर. नकाशा काढून ठेवलाय.

आई, १०:०३
११ जण, आणि तिथे भेटणारे. लाडू किती करू ते कुणीतरी नीट मोजून सांगा. दीडशे पुरतील?