कुठलं शहर मनात घर करून बसलंय? अनुभव लिहा

मंडळी, गेल्या महिन्यात जपानहून आलो तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. फिरायला आता आपण सगळेच जातो, फोटोही काढतो, पण मला टॉवर आणि राजवाडे नकोयत. त्या शहराने साध्या माणसासाठी असं काय करून ठेवलंय की तुम्ही बघतच राहिलात, तेवढं सांगा. सुरुवात मी करतो.

राहायला परळला, पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेलं हिंदमाता घरापासून पाच मिनिटांवर. २६ जुलै २००५ला, ज्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, मी कुर्ल्याहून छातीभर पाण्यातून दोरी धरून घरी आलोय, त्यामुळे टोकियोत बाकीचे खरेदीला गेले आणि मी ट्रेन पकडून कासुकाबेला गेलो. टोकियोच्या उत्तरेला सैतामा प्रांतात आहे हे. तिथे जमिनीखाली पुराचं पाणी घ्यायची सोय केलीय. आसपासच्या छोट्या नद्या भरल्या की पाणी पाच अजस्र विहिरींत उतरतं, विहिरी साधारण ७० मीटर खोल, त्यांना जोडणारा ६.३ किमीचा बोगदा, आणि शेवटी एक टाकी, १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, आत ५९ खांब. तिथून पंप लावून पाणी एदो नदीत सोडतात. एकेक खांब ५०० टनांचा आहे. मला वाटलं छत पेलायला इतका जड, तर गाईड म्हणाली की तेवढंच नाही, खालचं भूजल रिकाम्या टाकीला वर ढकलतं म्हणून तिला दाबून धरायलाही हे वजन लागतं. १९९३ला काम सुरू झालं, २००६ला पुरं झालं. खांबाला हात लावला तर गार, ओलसर, आणि बुटाखाली गाळाचा पातळ थर होता, आधीच्या पावसातला. तो गाळ एरवी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेला असता, एवढंच मनात आलं आणि खरं सांगतो, भरून आलं.

आता तुम्ही.

नायगावकरीण

माझं शहर व्हिएन्ना. मी बीडीडी चाळीत वाढले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १६० चौरस फुटांची खोली, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, आणि सकाळी तिथे रांग. या चाळी १९२० नंतरच्या दशकातल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७. ऑफिसच्या कामाने व्हिएन्नाला गेले तेव्हा एका सहकाऱ्याने सांगितलं की तुला चाळींबद्दल बोलायला आवडतं ना, मग कार्ल मार्क्स होफ बघ. मेट्रोच्या यू-४ लाईनचं शेवटचं स्टेशन हायलिगेनश्टाट, बाहेर आलं की समोरच. एक किलोमीटरहून लांब इमारत! १३८२ घरं, कामगारांसाठी महापालिकेने बांधलेली, १९३०ला पूर्ण झाली. म्हणजे आमच्या चाळींच्याच वयाची, पाचसात वर्षांनी धाकटी. घरं तशी लहानच, पण प्रत्येक घरात नळ आणि संडास आत. खाली सामाईक धुलाईघर, आंघोळीची जागा, बालवाडी, वाचनालय, दवाखाना. आणि जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर बांधकाम, बाकी सगळी झाडं आणि अंगण. पैसा कुठून आला तर १९२३ला शहराने घरांवर कर लावला, मोठ्या आलिशान घरांना जबर आणि छोट्यांना अगदी नाममात्र.

मी कमानीखालच्या बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल केला, फोन फिरवून सगळं दाखवलं, तिने शांतपणे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "संडास आतच ना गं?" मी म्हटलं हो आई, पहिल्यापासून आतच. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. तिने पस्तीस वर्षं बादली घेऊन रांग लावलीय, पावसाळ्यात, तापात, माझ्या वेळी नववा महिना असताना. आता आमच्याकडेही ५०० फुटांची घरं होतायत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण तिची ती वर्षं गेली ती गेलीच. व्हिएन्नात आजही निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या किंवा सरकारी मदतीच्या घरात राहतात आणि त्यात मास्तर, डॉक्टर सगळे असतात, कुणी त्याला गरिबांची वस्ती म्हणत नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

परळहून (धागा मीच काढलाय)

ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती पण चाळीतलीच, डिलाईल रोडची. पुढे काही लिहवत नाही.

माझगावचा सीमन

इस्तंबूल. मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला होतो, बॉस्फरसमधून किती वेळा गेलो मोजलं नाही, पण शहर एकदाही बघितलं नव्हतं. कारण सामुद्रधुनीत वाट अरुंद, अगदी अरुंद ठिकाणी ७०० मीटरच्या आसपास, वळणं आणि प्रवाह जोरात, त्यामुळे इंजिन स्टँडबायवर आणि आम्ही सगळे खाली. वरची पोरं सांगायची, काका काय मशिदी दिसतायत, आणि मी खाली टेम्परेचर बघतोय. रिटायर झाल्यावर पहिलं तिकीट तिथलंच काढलं, मिसेसला घेऊन. एमिनोन्यूहून काडिक्योयला जायची फेरी पकडली, वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात, आणि लोक ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन छोट्या कमरेच्या काचेच्या ग्लासातून चहा पितायत, पोरं तिळाच्या कडक पावाचे तुकडे समुद्रपक्ष्यांना फेकतायत, अगदी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर असतं तसं. तेवढ्यात बाजूने एक टँकर गेला. मी मिसेसला म्हटलं, त्याच्या पोटात आत्ता एक माणूस आहे ज्याला तू दिसत नाहीयेस. तिने उगाचच हात हलवला.

अजून एक सांगतो. समुद्राखालून तिथे मार्मराय रेल्वे काढलीय, २०१३ला सुरू झाली. तिच्यासाठी येनिकापीला खोदताना जुनं बायझंटाईन बंदर सापडलं आणि त्यात ३७ जहाजांचे सांगाडे. काम कित्येक वर्षं लांबलं, पण घाईघाईत बुजवलं नाही, जहाजं नीट बाहेर काढली. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला याचं किती वाटतं ते शब्दात येत नाही.

असल्फा टेकडी

हाँगकाँग. थोडक्यात लिहितो. तिथे सेंट्रल भागातून वर डोंगरावरच्या वस्तीपर्यंत रस्त्यातून सरकते जिने आहेत, सगळे मिळून सुमारे ८०० मीटर, १९९३ पासून, फुकट. सकाळी ६ ते १० लोक कामाला निघतात म्हणून जिने खाली जातात, १० नंतर मध्यरात्रीपर्यंत वर. आमच्या टेकडीवर आईने माझ्या लहानपणी खालून हंडे भरून आणलेत, आता गुडघे गेले तर आठवडा आठवडा खाली उतरत नाही. दहा वाजता जिना उलटा फिरताना बघायला मी मुद्दाम थांबलो होतो.

वसईची

मी लिस्बनचं नाव घेईन. पहिल्याच दिवशी रिसेप्शनवरच्या मुलाने 'शाव्ह' म्हणत चावी पुढे केली, बाजारात बाई 'बटाटा, बटाटा' करत होती, पाव तर पावच, आणि बिल द्यायचं ते 'पगार'. घमेलंसुद्धा तिकडचंच! आमच्याकडे १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, किल्ल्यात आम्ही शाळेच्या सहलीला जायचो, पण ते माझ्या तोंडात असे बसलेत हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. खालचा बैशा भाग १७५५च्या भूकंपानंतर नव्याने वसवलाय, भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, हादरा बसला तर डोलेल पण पडणार नाही असा, आणि तो तपासायला म्हणे सैनिकांना नमुन्याभोवती पाय आपटत चालवलं होतं. पायाखालची काळीपांढरी दगडी नक्षी सुंदर, पण पावसात घसरते, वयस्क माणसांनी जपून.

गिरगावातून

माझं शहर छोटंसं आहे, मॉरिशसचं पोर्ट लुई. बंदराजवळ आप्रवासी घाट आहे, काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. १८३४ पासून जवळपास पाच लाख हिंदुस्थानी मजूर उसाच्या मळ्यांसाठी इथे उतरले आणि त्यात आपली कोकणातली माणसंही होती, मुंबई बंदरातून गेलेली. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मार्केटजवळ गाडीवर 'धोल पुरी' मिळते, मऊसूत पोळी आणि आत हळदीची डाळ, वर रस्सा, पहिला घास घेतला आणि वाटलं ही तर तिखटामिठाची पुरणपोळी.

तिथे एका आजोबांची ओळख झाली. बोलणं सगळं क्रिओल आणि फ्रेंच, मराठी जेमतेम, पण आरती एकही शब्द न चुकता म्हणाले. त्यांच्याकडे पणजोबांच्या नोंदीची नक्कल होती, मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून काढलेली, तिथे या मजुरांची जुनी रजिस्टरं जपलीत. त्यात गाव लिहिलंय 'शिरगाम'. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं असणार. आता शिरगाव म्हटलं तर देवगडात एक, रत्नागिरीजवळ एक, चिपळूणकडे एक. मी त्यांना गाव शोधून देते असा शब्द देऊन आलेय. तुमच्यापैकी कुणी शिरगावचं असेल, आणि घरात कधी असं ऐकलं असेल की पणजोबांचा एक भाऊ बोटीने मॉरिशसला गेला तो परत आलाच नाही, तर प्लीज मला इथेच कळवा. आजोबा ८३ वर्षांचे आहेत.