अनुभव धागा : इजिप्तच्या प्राचीन मंदिरांत नेमकं काय पाहावं?

इजिप्तची मंदिरं आपण फॅरोंचे भग्नावशेष म्हणून पाहतो आणि परततो. पण त्याच भिंतींवर नंतर आलेल्यांची श्रद्धाही आहे : कोरलेली, रंगवलेली, खरवडलेली. ती कुठे दिसते आणि कशी शोधायची, हे जाणकारांनी लिहावं. हॉटेल-विमानाची चर्चा नको.

नीलकाठ
सुरुवात एडफू गावापासून. होरस या ससाणारूपी देवाचं हे मंदिर इ.स.पू. 237 ते 57 या काळातलं, म्हणजे टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या अमदानीतलं. छप्पर शाबूत असल्यानं मूळ रचना इथेच नीट कळते : आत जावं तशी जमीन चढते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. गाभाऱ्यात फक्त राजा आणि पुजारी.

पश्चिमेच्या तटभिंतीची आतली बाजू चुकवू नका. होरस आपल्या वैरी देवाला, सेथला, भाल्यानं मारतो ती चित्रमालिका तिथे आहे. सेथ पाणघोड्याच्या रूपात, पण अगदी इवलासा. चित्रातला प्राणी जिवंत होऊन अपाय करील ही भीती. मग मंडपातल्या देवांचे चेहरे, हात, पाय पाहा : छिन्नीनं टोचून काढलेले. हे ख्रिस्ती काळातलं काम. गाईड 'नासधूस' म्हणून पुढे नेतात, मला ते पटत नाही. चित्रात शक्ती आहे असं टोचणाराही मानत होता, नाहीतर एकेक चेहरा शोधून कोण खरवडेल?

तिरपं ऊन
बाहेरच्या भिंतींवरची चित्रं बहुधा खोदीव, आतली उठावाची. खोदीव रेषेला सावली हवी. ऊन समोरून पडलं की सगळं सपाट दिसतं, भिंतीला घासून गेलं की बोटांची नखंसुद्धा दिसतात. म्हणून सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च समोरून न मारता भिंतीलगत आडवा धरा. पुसट क्रूस असेच सापडतात.

अनवट
कर्नाकला सगळे 134 खांबांच्या मंडपात फोटो काढून मागे फिरतात. तसंच पूर्वेकडे चालत राहा. तिसरा थुटमोस या फॅरोच्या उत्सवमंडपाचं पुढे चर्च झालं होतं. तिथल्या खांबांवर संतांच्या आकृत्या फिकट रंगात अजून आहेत. त्याच्याही मागे, पूर्वेच्या टोकाला, दुसरा रामसेस या फॅरोनं बांधलेलं 'प्रार्थना ऐकणाऱ्या आमुन'चं (आमुन म्हणजे कर्नाकचा मुख्य देव) छोटं देऊळ. ज्यांना आत प्रवेश नव्हता ते लोक इथे गाऱ्हाणं घालत. माझ्या मते कर्नाकमधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच.

बाहेरच्या भिंतींवर हाताच्या उंचीला लांबट खाचा दिसतील. त्या झिजेच्या नाहीत. देवळाच्या दगडाची भुकटी औषधी, या समजुतीनं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती खरवडून नेली.

पालखीचा मानकरी
लक्सर मंदिरात अबुल हग्गाग या मुस्लिम संताच्या मशिदीचं जुनं दार पाहा, जमिनीपासून कितीतरी वर अधांतरी. मशीद 13 व्या शतकातली, आणि त्याआधी तिथे चर्च होतं. तेव्हा मंदिर गाळामातीत अर्धंअधिक गाडलेलं होतं. 1880 च्या दशकात उत्खनन झालं, माती गेली, दार वरच राहिलं. मशिदीत आजही नमाज होते.

पूर्वी ओपेत उत्सवात आमुनची नौका कर्नाकहून इथे यायची, आपल्या पालखीसारखी पुजाऱ्यांच्या खांद्यावर. आज शाबान महिन्यात अबुल हग्गागच्या उरुसात गावातून नौकांची मिरवणूक निघते. दोन्हींत सलग परंपरा आहे असं छातीठोक सांगता येत नाही, पण साम्य नाकारणंही कठीण आहे.

शेवटची ओळ
फिले बेटावरचं आयसिस देवीचं मंदिर धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी 1972 ते 1980 दरम्यान सुटं करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभारलं. रोमन सम्राट हेड्रियनच्या दारावर 24 ऑगस्ट 394 चा लेख आहे : चित्रलिपीतला आपल्याला ठाऊक असलेला शेवटचा. रोमन साम्राज्यात जुन्या देवांची पूजा बंद झाल्यावरही इथे ती चालू राहिली, कारण दक्षिणेकडच्या ब्लेमी आणि नोबाडी लोकांशी तसा करार होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं ती बंद पाडली, मंडपाचं चर्च झालं. मंडपाच्या दारावरचे क्रूस खोल आणि रेखीव आहेत, ते टॉर्चशिवायही दिसतात.

होडीचं भाडं तिकिटात नसतं. अख्ख्या होडीचं, जाऊन-येऊन, थांबण्याच्या वेळेसकट ठरवा आणि पैसे परत धक्क्याला लागल्यावर द्या. थांबायची वेळ आधी बोलला नाहीत तर नावाडी लवकर परतायची घाई करतो, आणि हेड्रियनचं दार पश्चिमेला बाजूला असल्यानं नेमकं तेच राहून जातं.