'गद्दारी' म्हणावं की 'करार मोडला'? बनू कुरैझाच्या प्रसंगातले शब्द

प्रश्न

इस्लामच्या सुरुवातीच्या काळावरचा एक उर्दू लेख मराठीत आणतोय. प्रसंग इ.स. ६२७चा. मक्केचे कुरैश आणि त्यांच्या मित्रटोळ्या मदिनेवर चालून आल्या आहेत. शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणलाय. वेढा चालू असतानाच मदिनेतल्या बनू कुरैझा या ज्यू टोळीने मुसलमानांशी असलेला करार मोडला, असं सीराग्रंथ (पैगंबरांची जुनी चरित्रं) सांगतात. शत्रू निघून गेल्यावर कुरैझांच्याच गढ्यांना पंचवीसेक दिवस वेढा पडला. शेवटी औस टोळीचे साद बिन मुआझ यांनी निर्णय दिला : पुरुषांना ठार करावं, बायकामुलांना कैद करावं, मालमत्ता वाटून घ्यावी.

माझं वाक्य असं झालंय : 'बनू कुरैझांनी गद्दारी केली. अखेर कौल घेऊन ते गढीखाली उतरले आणि न्यायाधीश साद यांनी न्याय दिला.'

बायकोने वाचलं आणि विचारलं, "गद्दारी कोणाशी? ते यांच्यातले होते का?" तिथे अडलोय.

प्रतिसाद

वहिनींनी नेमकं बोट ठेवलंय. आज मराठीत 'गद्दार' म्हणजे आपला गट सोडून पलीकडे गेलेला. प्रचारसभांनी तर हा अर्थ इतका पक्का केलाय की दुसरा कोणाला सुचतच नाही. अरबीत मात्र 'गद्र' म्हणजे दिलेला शब्द मोडणं. शब्द कोणाला दिला होता, आपल्याला की परक्याला, याच्याशी त्याचा संबंध नाही. शत्रूला अभय देऊन मग मारलं तर तोही गद्रच. कयामतीच्या दिवशी प्रत्येक गद्र करणाऱ्याच्या नावाचा झेंडा उभारला जाईल, अशी हदीस आहे, म्हणजे सगळ्यांना लांबून ओळखू यावा. हाच शब्द हिंदुस्थानात आल्यावर १८५७चा 'गदर' झाला आणि अर्थ सरळ बंडावर गेला.

म्हणून 'गद्दारी' लिहिलंत की वाचक कुरैझांना घरभेदी समजणार. ते करारातला दुसरा पक्ष होते. 'करार मोडला' एवढंच लिहा. अरबीत करार मोडण्याला 'नक्ज' असाही शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ दोराचा पीळ उकलणं. कुराणाच्या सोळाव्या सूरेत शपथा मोडणाऱ्यांना सांगितलंय की सूत घट्ट कातून झाल्यावर ते पुन्हा उकलून टाकणाऱ्या बाईसारखे होऊ नका. आपलं 'मोडणे' त्यापुढे जरा कोरडं वाटतं, पण चुकीचं नाही.

प्रतिसाद

भाऊ, याच प्रसंगातली एक गोष्ट शब्दांच्या चर्चेत यायलाच हवी. कुरैझा फिरल्याची कुणकुण लागली तेव्हा पैगंबरसाहेबांनी खात्री करायला काही माणसं पाठवली, त्यांत हेच हजरत साद होते. बजावून सांगितलं, बातमी खोटी असेल तर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. खरी असेल तर मला कळेल असा इशारा द्या, लोकांचा धीर खचवू नका. ती माणसं परत आली आणि एवढंच म्हणाली, "अदल आणि कारा."

ही दोन टोळ्यांची नावं. दोनेक वर्षांपूर्वी या टोळ्यांची माणसं धर्म शिकवायला शिक्षक द्या म्हणून आली होती, आणि रजीअ नावाच्या पाणवठ्यापाशी त्यांनी त्या शिक्षकांचा घात केला. तेवढ्या काळात त्या नावांचाच अर्थ 'दगा' झाला होता! मराठीत 'सूर्याजी पिसाळ निघाला' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, तसंच. (पिसाळांवरचा आरोप कितपत खरा, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण वाक्प्रचार पुराव्यासाठी थांबत नाही.)

प्रतिसाद

मला खटकला तो 'कौल'. मूळ अरबी 'कौल' म्हणजे बोल, वचन. पण आपल्या बखरींत किल्ल्यावरच्या लोकांनी कौल मागितला म्हणजे जिवाची हमी मागितली, आणि ती मिळाल्यावर ते खाली उतरले. कुरैझांना तसली हमी कुठे होती? मूळ वाक्प्रयोग 'सादच्या हुक्मावर उतरले' असा आहे. म्हणजे निर्णय काहीही लागो, तो मान्य करून उतरले. तुमच्या वाक्यावरून तर मुसलमानांनीच कौल देऊन दगा केला असा अर्थ निघेल. एका शब्दाने आरोपीच बदलला!

'न्यायाधीश'ही नको. साद हे 'हकम', म्हणजे दोन्ही बाजूंनी मानलेला पंच. औस टोळी कुरैझांची जुनी मित्र, म्हणून औसच्याच माणसाच्या हाती निर्णय दिला. खंदकाच्या लढाईत त्यांना बाण लागला होता, तशाच अवस्थेत त्यांना गाढवावर बसवून आणलं. पुढे त्याच जखमेने ते गेले. 'हकम', 'हाकीम' आणि 'हुकूम' एकाच धातूतले. मराठीत 'हुकूम' फक्त आज्ञेपुरता उरला असं वाटतं खरं, पण दिवाणी कोर्टाचा 'हुकूमनामा' बघा. तिथे निवाड्याचा जुना अर्थ अजून नांदतोय.

आणि 'न्याय दिला'ऐवजी 'निवाडा दिला' लिहा. 'न्याय' म्हटलं की तुम्ही पसंतीचा शिक्का मारलात. 'निवाडा' फक्त निर्णय झाला इतकंच सांगतो. मारल्या गेलेल्यांचा आकडा जुने सीराकार इब्न इसहाक सहाशे-सातशे देतात आणि काहींच्या मते आठशे-नऊशे, असंही नोंदवतात. काही आधुनिक अभ्यासकांना हा सगळा वृत्तांतच अतिरंजित वाटतो. इतका वाद असताना विशेषण वाचकाचं वाचकाला ठरवू द्या.

जाता जाता : 'खंदक' मूळचा फारसी, 'खणलेला' या अर्थाचा. तो अरबीतून फिरून आपल्याकडे आला. आपलं 'खणणे' आणि तो फारसी धातू सख्खे भाऊ. खंदकाचा सल्ला सलमान फारसीने दिला असं म्हणतात, म्हणजे युक्ती आणि शब्द दोन्ही इराणचे. तुमचं 'खंदक खणला' वाचून म्हणूनच गंमत वाटली.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. आता असं केलंय : 'बनू कुरैझांनी मदिनेचा करार मोडला. अखेर साद यांचा निवाडा मान्य करून ते गढीखाली उतरले.' बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "करार कोणता, ते आधी लिही."

प्रतिसाद

वहिनींनाच अनुवाद करायला बसवा! 'मदिनेचा करार' म्हणून जो सहीफा, म्हणजे लेखी दस्तऐवज, ओळखला जातो, त्यात ज्यूंचा उल्लेख बनू औफ वगैरे अरब कुळांच्या नावांनी येतो. कुरैझांचं नाव वेगळं दिलेलं नाही. सीराग्रंथ त्यांच्या बाबतीत पैगंबर आणि कुरैझांचा सरदार काब बिन असद यांच्यातल्या कराराबद्दल बोलतात. बनू नझीर या दुसऱ्या ज्यू टोळीचा सरदार हुयय बिन अख्तब याने काबचं मन वळवलं आणि त्याने करार मोडला, असं तिथे येतं.

प्रश्नकर्ता

मग 'मदिनेचा' काढतो. 'पैगंबरांशी असलेला करार मोडला.'