माळव्यातली पीएचडी: तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब वाढवून दाखवायचा हट्ट कशाला?

वाफसा:
इंदूरच्या कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्रात पीएचडी करायची म्हटलं की आपली मुलं हमखास एकच विषय आणतात: नैसर्गिक शेतीने सोयाबीन-गहू पद्धतीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या अवशेषांतून मातीत राहिलेला कार्बन) किती वाढतो. माझं मत, हा विषय घेऊच नये. कर्ब 0.50 वरून 0.55 टक्के झाला, तर 15 सेंमी थरात आणि मातीची घनता घनसेंमीला 1.3 ग्रॅम धरून हेक्टरी जेमतेम एक टन वाढ. हेक्टरी 5 टन शेणखत घातलं, त्यात निम्मं पाणी धरलं, तर फार तर पाऊण टन कर्ब आत जातो, आणि त्यातलाही बराचसा वर्षभरात हवेत उडून जातो. मग तीन वर्षांत दाखवणार काय? त्यापेक्षा जबलपूरचा 1972 पासून चाललेला दीर्घकालीन खत प्रयोग गाठा. सोयाबीन-गहूच आहे, जमीनही काळीच.

ढेकूळ:
जबलपूरच्या प्लॉटमधले उपचार खतांच्या मात्रांचे आहेत, एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) आणि त्यावर शेणखत. बिननांगरट किंवा जीवामृत त्यात शोधूनही सापडणार नाही. म्हणजे प्रश्न दुसऱ्याचे आणि उत्तरं तुमची! देवास-उज्जैनकडे आठ-दहा वर्षं रासायनिक खत बंद केलेली शेतं शोधा आणि बांधापलीकडचं नेहमीचं शेत जोडीला घ्या. माती, उतार, पीक सारखं हवं. अशा बारा-पंधरा जोड्या मिळाल्या तर काम होतं.

वाफसा:
बांधापलीकडचं शेत ‘सारखं’ असतं हे कोणी ठरवलं? ज्याच्याकडे गुरं जास्त त्यानेच रासायनिक खत सोडलेलं असतं. त्याच्या शेतात शेणखत आधीपासूनच जास्त पडत होतं. फरक पद्धतीचा की गोठ्याचा, हे परीक्षक पहिल्याच मिनिटाला विचारेल.

टायट्रेशन:
दोघांचंही मोजमापाकडे लक्ष नाही. वॉकली-ब्लॅक पद्धतीत (डायक्रोमेटने कर्ब जाळायचा आणि उरलेलं डायक्रोमेट मोजायचं) एक ग्रॅम माती आणि अर्धा नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट घेतलं, तर 0.05 टक्क्याचा फरक म्हणजे ब्युरेटवर पाव मिलीलिटर, पाच-सहा थेंब! डायफिनाइलअमाइन या दर्शकाचा निळा रंग हिरव्यावर जाताना कोणाचा हात आधी थांबतो, कोणाचा नंतर. म्हणून सगळे नमुने एकाच माणसाने मोजावेत, दर तुकडीत दोन ब्लँक (माती न घालता केलेल्या चाचण्या) आणि एक ओळखीचा नमुना ठेवावा. माती 0.2 मिमी चाळणीतून गेलेली हवी. 2 मिमीवर भागवलं की एकाच पिशवीतले दोन नमुने जुळत नाहीत.

ढेकूळ:
मग माती जाळून कर्ब मोजणाऱ्या सीएचएन यंत्रावर करा की. डायक्रोमेटची कटकटच नको.

टायट्रेशन:
माळव्याच्या काळ्या मातीत चुनखडी असते. यंत्र तोही कर्ब मोजतं. आधी आम्ल घालून तो घालवा, नाहीतर चुनखडे जास्त त्या शेताचा कर्ब ‘वाढलेला’ दिसेल. आणि घनता! मे महिन्यात भेगा पडलेल्या जमिनीत कोअर (नमुना काढायची नळी) ठोकला तर माती फुटते, नाहीतर मधे पोकळी येते. वाफशावरच (ओल बेताची असताना) घ्या, ओलावा नोंदवा आणि कर्बाचा साठा ठरावीक खोलीवर न काढता समान वजनाच्या मातीवर काढा.

काळी_कसदार:
वाद ‘एकूण कर्ब’ या शब्दावर अडलाय. तीन वर्षांत हलतो तो चंचल कर्ब, म्हणजे लवकर बदलणारा भाग: 0.02 मोलर परमँगनेट, अडीच ग्रॅम माती, दोन मिनिटं हलवणं, दहा मिनिटं स्थिर, 550 नॅनोमीटरवर वाचन. सोबत सूक्ष्मजीव कर्ब आणि डिहायड्रोजनेज (सूक्ष्मजीव किती सक्रिय आहेत ते दाखवणारं विकर). मात्र हे ताज्या ओल्या मातीवर, थंड ठेवून. पिशवी उन्हात राहिली की आकडे कचऱ्यात.

वाफसा:
हे मान्य. पण मग शीर्षकात ‘कर्ब साठवण’ लिहू नका. सूक्ष्मजीव वाढले म्हणजे कर्ब साठला असं होत नाही. उलट श्वसन वाढून तो लवकर जातोही.

ढेकूळ:
शीर्षकाबद्दल तुमचं बरोबर, जोड्यांबद्दल नाही. गुरांची संख्या आणि शेणखताच्या गाड्या शेतकऱ्याला विचारून सहचल (निकालावर परिणाम करणारा जोडघटक) म्हणून विश्लेषणात घेता येतात.

काळी_कसदार:
ज्यांना तीन वर्षांत हमखास फरक हवाय त्यांनी क्षारपड जमिनीकडे वळावं. इंदूरच्या महाविद्यालयातल्या संशोधन केंद्राचं क्षारयुक्त मातीवरचं काम बडवाहच्या प्रक्षेत्रावर चालतं. जिप्समने विनिमयी (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम एक-दोन पावसाळ्यांत उतरतो, पाणी मुरण्याचा वेगही मोजता येतो. अट एकच, निचऱ्याला वाट हवी. नाहीतर सुटलेला सोडियम तिथल्या तिथेच बसतो आणि जिप्सम फुकट. आणि गाइडकडे जाण्याआधी आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) पीएचडी प्रवेशपरीक्षेचं बघा. यूजीसी-जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर 2023 पासून महिना 37,000 मिळतात, पण नमुन्यांच्या तपासणीचा खर्च कोणत्या प्रकल्पातून होणार हे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिण्याआधी विचारून घ्या.