अपूर्ण, अर्धवट, अपुरी की शिळी? प्रमाणपत्र सर्व्हर सावरताना

(टाचण, रात्रपाळी आणि अक्षरजुळणी ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

टाचण: प्रमाणपत्र प्राधिकरणाचा (सर्व्हरांना डिजिटल ओळखपत्रं देणाऱ्या यंत्रणेचा) सर्व्हर राखीव प्रतीवरून परत उभा करण्याची मार्गदर्शिका मराठीत करतोय. ‘इनकम्प्लीट बॅकअप रिस्टोअर’साठी ‘अपूर्ण राखीव प्रतीची पुनर्स्थापना’ असं लिहिलंय. चालेल का? प्राधिकरण ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरवर आहे.

रात्रपाळी: व्याकरणाला चालेल, कामाला नाही. ‘अपूर्ण’ वाचून समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. इथे तीन निरनिराळे बिघाड आहेत आणि आपल्याकडे शब्दही तीन आहेत.

अर्धवट: परत आणण्याचं काम मध्येच तुटलं. हे लगेच दिसतं, पुन्हा चालवलं की झालं.
अपुरी: प्रतीत मुळात काहीतरी घेतलंच नव्हतं. बहुतेक वेळा खासगी किल्ली (प्राधिकरण जिने सही करतं ती गुप्त किल्ली), कारण ती मुद्दाम वेगळी ठेवलेली असते.
शिळी: सगळ्या फाइली आहेत, पण त्यातल्या काही जुन्या. किल्ली बरोबर, प्राधिकरणाचं प्रमाणपत्र बरोबर, दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही मात्र दोन आठवड्यांपूर्वीची. सर्व्हर तक्रार न करता सुरू होतो, म्हणून हाच बिघाड सगळ्यात घातक.

अक्षरजुळणी: थोडं विषयांतर. ‘पुनर्स्थापना’ सर्रास दिसतं, पण संधीनुसार पुढे प, स यांसारखं कठोर व्यंजन आलं की विसर्ग राहतो: पुनःस्थापना, पुनःप्राप्ती. ‘पुनर्वसन’, ‘पुनर्जन्म’ यांत र् येतो तो पुढच्या मृदू व्यंजनामुळे. मला विचाराल तर दोन्ही टाळून ‘परत आणणे’ लिहा.

टाचण: ‘पूर्ववत करणे’ कसं वाटतं?

रात्रपाळी: नको, त्यात खोटं आश्वासन आहे. साध्या फाइल-सर्व्हरला पूर्ववत करता येतं. प्राधिकरणाने मधल्या काळात दिलेली प्रमाणपत्रं मात्र बाहेर गेलेली असतात आणि ती वैधच राहतात. तुमची वही मागे गेली म्हणून जग मागे जात नाही. ‘सावरणे’ म्हणा.

वहीसाठी मला ‘जावक नोंदवही’ हा शब्द चपखल वाटतो. ‘इंडेक्स’ फाइल म्हणजे जावक वही, ‘सीरियल’ फाइल म्हणजे पुढचा जावक क्रमांक. क्रमांक शिळा राहिला तर तोच आकडा दुसऱ्या प्रमाणपत्रावर पडतो, आणि आरएफसी ५२८० या प्रमाणपत्रांच्या मानकाप्रमाणे एका प्राधिकरणाच्या दोन प्रमाणपत्रांचा क्रमांक एक असता कामा नये. पुढे एक रद्द करायला गेलात की दुसरंही मरतं.

टाचण: मग पायऱ्यांचा क्रम काय लिहू?

रात्रपाळी: आधी नवी प्रमाणपत्रं देणं बंद. मग आहे त्या अवस्थेतल्या फोल्डरची नक्कल बाजूला काढा. खासगी किल्लीतून आणि प्राधिकरणाच्या प्रमाणपत्रातून सार्वजनिक किल्ली (जोडीतली उघड असणारी) काढून दोन्ही अक्षरशः जुळतात का पाहा. जुळल्या नाहीत तर पुढचं काहीच करू नका.

त्यानंतर क्रमांक. ‘न्यूसर्ट्स’ फोल्डर (दिलेल्या प्रमाणपत्रांच्या प्रती), वितरणाचे लॉग, प्रत्यक्ष सर्व्हरांवर बसलेली प्रमाणपत्रं, यांत सापडलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या बऱ्याच पुढचा आकडा ‘सीरियल’मध्ये लिहा. नेमका पुढचा नको, कारण न सापडलेलं एखादं असतंच. आकडा षोडशमान पद्धतीचा (० ते ९ आणि पुढे ए ते एफ असे सोळा अंक) असतो: १९ नंतर २० नाही, १ए. आणि अंकांची संख्या सम हवी. तीन अंकी लिहिलात तर ओपनएसएसएल फाइल वाचायला नकार देतं, आकड्याच्या सुरुवातीला शून्य जोडा.

अक्षरजुळणी: रद्द झालेल्यांचं काय?

रात्रपाळी: ते सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची प्रसिद्ध झालेली रद्दयादी (सीआरएल, म्हणजे रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची प्राधिकरणाने सही केलेली यादी) शोधा. तिच्यात प्रत्येक क्रमांक, रद्द केल्याची तारीख आणि दिलं असेल तर कारण असतं. तिच्यावरून वहीतल्या ओळी भरल्याशिवाय नवी यादी काढलीत, तर चोरीला गेलेल्या किल्लीचं प्रमाणपत्र पुन्हा जिवंत होतं. सापडलेली वैध प्रमाणपत्रं ओपनएसएसएलच्या ‘सीए’ आज्ञेच्या ‘व्हॅलिड’ पर्यायाने वहीत घाला. त्याच आज्ञेच्या ‘रिव्होक’ (रद्द करा) पर्यायाला वहीत नसलेलं प्रमाणपत्र दिलं तर ते आधी ओळ जोडतं आणि मग रद्द करतं, फक्त तारीख आजची पडते. मूळ तारीख तिसऱ्या रकान्यात हाताने दुरुस्त करावी लागते. रकाने सहा, मध्ये टॅब, स्पेस नाही. वैध प्रमाणपत्राचा तिसरा रकाना रिकामा असला तरी त्याचा टॅब हवाच.

यादीचा स्वतःचा क्रमांकही चढताच हवा, म्हणजे ‘सीआरएलनंबर’ फाइलमध्ये शेवटच्या प्रसिद्ध यादीच्या पुढचा आकडा. यादी मजकूर स्वरूपात उघडली की तो दशमान दिसतो, फाइलमध्ये षोडशमान लागतो. तिथे २६ दिसले तर फाइलमध्ये २७ नाही, १बी लिहायचं. हे सगळं करायला वेळ किती, ते त्याच यादीतल्या ‘नेक्स्ट अपडेट’वरून (पुढची यादी येण्याच्या वेळेवरून) कळतं.

अक्षरजुळणी: म्हणजे ‘रद्द’ आणि ‘मुदतबाह्य’ हे शब्दही मार्गदर्शिकेत वेगळे ठेवायला हवेत. ‘बाद’ दोन्हींना लागू पडतो, म्हणून तो टाळावा. तात्पुरतं थांबवलेल्याला ‘स्थगित’ म्हणा. उठवता येते ती स्थगिती, रद्द झालेलं परत वैध करत नाहीत.

रात्रपाळी: त्यात चौथा जोडा: ‘अज्ञात’. वहीवरून ओसीएसपी (एकेका प्रमाणपत्राची स्थिती विचारायची पद्धत) उत्तर देणाऱ्याला ओळ सापडली नाही की तो ‘अज्ञात’ सांगतो. रद्दयादी त्याच प्रमाणपत्राबद्दल गप्प बसते, आणि तपासणारा त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘वैध’ असा घेतो. एकाच शिळ्या वहीची ही दोन वेगळी उत्तरं. ‘रद्द नाही’ आणि ‘नोंद नाही’ एकाच रकान्यात टाकू नका.

टाचण: शीर्षक बदललं: ‘शिळ्या जावक नोंदवहीवरून प्राधिकरण सावरणे’. अपुऱ्या प्रतीसाठी वेगळं प्रकरण करतो. त्यात किल्लीच सापडली नाही तर?

रात्रपाळी: मग ते प्रकरण एका ओळीचं. सावरण्यासारखं काही उरत नाही. नवी किल्ली, नवं प्राधिकरण, आणि जुन्याची शेवटची यादी मुदत संपेपर्यंत तशीच टांगलेली, कारण नवीवर सही करायला किल्लीच नाही.