प्रीती रोजच्या जगण्यात: तुमचे अनुभव लिहा (जिंकलेलेच नकोत)

मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की शेवट ठरलेला असतो: प्रभूने बदल घडवला, आमेन. खोटं नसतं ते, पण मधला भाग गळतो. मला तो मधला भाग हवा आहे. घरात, कामावर, नात्यात प्रीतीने वागायला गेलात आणि काय झालं? फसलेलं, अर्धवट, अजून चालू असलेलं, सगळं चालेल.

सुरुवात माझ्यापासून, पुढे एकेकाने आपलं लिहा. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, प्रीतीवरचा १३ वा अध्याय लग्नात वाचतात म्हणून गोड वाटतो. प्रेषित पौलाने तो करिंथच्या भांडखोर मंडळीला लिहिलाय. एकमेकांना कोर्टात खेचणारी माणसं ती. प्रभुभोजनाच्या पवित्र जेवणालासुद्धा काही जण आधीच खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि बाकीचे उपाशी. ४ ते ७ या वचनांत मूळ ग्रीकमध्ये प्रीतीची १५ क्रियापदं आहेत. मनाला काय वाटतं याचा पत्ताच नाही. प्रीती काय करते नि काय करत नाही, एवढंच. त्यातलं 'अपकार स्मरत नाही' हे तर हिशेबाच्या वहीतलं क्रियापद: खात्यावर मांडून ठेवत नाही.

आणि माझ्या मोबाइलमध्ये जाऊबाईंच्या नावाची खरोखर एक यादी होती. तारीखवार, २३ नोंदी. एका रात्री पुसायला बसले, तर अकराव्या नोंदीत नुसतं 'बशीवरून' असं लिहिलेलं. कसली बशी, काय बोलल्या, काही केल्या आठवेना. राग मात्र ताजा. १९ पुसल्या. चार आहेत अजून.

* * *

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. 'दार लावलंस का?' हा प्रश्न दिवसभर. किती वेळा क्षमा करायची, या प्रश्नावर येशूने शिष्य पेत्राला सांगितलेलं सत्तर गुणिले सात म्हणजे ४९०. आमच्याकडे ते संध्याकाळपर्यंत सहज संपतं. पवित्र आत्म्याच्या फळात, म्हणजे त्याच्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत, सहनशीलता आहे, पण ती उपासनेतून घरी येईपर्यंत टिकली तरी मी खूश. मध्यंतरी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे आणि दात आवळून ओरडायचे. मग बाहेर येऊन 'हो आई, लावलं.' हे ढोंग वाटायचं मला. आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, 'अगं, नळ सोडलास हीच प्रीती.' पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवसापासून अपराधी वाटणं कमी झालं. आता मी त्यांनाच कडी लावायला सांगते. हात थरथरतो, दोनदा चुकते, तिसऱ्यांदा लागते. मग दहाएक मिनिटं शांतता.

* * *

एका गरजू कुटुंबाची फी गुपचूप भरली. गुप्तपणे दान कर, देव प्रतिफळ देईल, असं येशू म्हणतो, तसं डाव्या हाताला कळू दिलं नाही. सहा महिने पोटात ठेवलं आणि आता इथे लिहून बसलो. गेलं माझं प्रतिफळ!

* * *

ऑफिसातल्या एकाने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं. कुणी आपला अपराध केला तर काय करायचं, याचा मत्तय १८ मध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी एकट्याने, त्याच्याशी एकांतात बोल. मी काय केलं? प्रार्थना-गटात 'एका सहकाऱ्यासाठी प्रार्थना करा' असा निरोप टाकला आणि तपशील पुरवले. आपल्याकडे चहाडीला 'प्रार्थनेचा विषय' म्हणतात, हे तेव्हा उमगलं. दोन आठवड्यांनी त्याच्याशी बोललो. त्याने कबूल केलं नाही. पण गटात जाऊन मला माझी चूक कबूल करावी लागली, आणि खरं सांगतो, ते त्याच्याशी बोलण्यापेक्षा जड गेलं.

* * *

क्षमेवर लिहिताय सगळे, म्हणून जरा कडू लिहिते. नवऱ्याचा मार खाऊन मी माहेरी आले तेव्हा मंडळीच्या एका पाळकांनी मला सत्तर गुणिले सात ऐकवलं आणि परत जा म्हणाले. लूक १७:३ कुणीच काढलं नाही. तिथे आधी दोष दाखवायला सांगितलंय, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा. मी परत गेले नाही. आज माझ्या मनात त्याच्याविषयी सूड नाही, त्याच्या आजारपणात प्रार्थनाही केली. पण एका छताखाली राहणं म्हणजेच क्षमा, हे मी मानत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी माझ्याशी वाद घालू नये, थकलेय मी त्याला.

* * *

वरच्या ताई, वाद नाही. तुम्ही बरोबर केलंत.

मी नर्स आहे. शिव्या घालणाऱ्या रुग्णाचे पाय पुसताना एकच गोष्ट आठवते: योहान १३ मध्ये प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा अजून तिथेच होता. त्याचेही धुतले. काही दिवशी हे आठवून बळ येतं, काही दिवशी नुसतं पाणी बदलते आणि पुढच्या खाटेकडे जाते.

* * *

वाटणीवरून भावाशी चार वर्षं अबोला होता. मत्तय ५ मधलं 'अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर' हे वाचन उपासनेत चालू असतानाच मी बाकावरून उठलो, बाहेर जाऊन फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, कापला. परत आत आलो तेव्हा आशीर्वाद चालू होता. बायकोने भुवया उंचावल्या, मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बाबांच्या कागदांच्या झेरॉक्स कुठे ठेवल्यास, एवढंच विचारलं. मी कपाट सांगितलं. 'बरं' म्हणाला.